लिलावातलं घर आणि खाली उतरलेलं रजिस्टर

बेळगावच्या नोंदणी कचेरीत एक कारकून होते; ते कधी नकार द्यायचे नाहीत. कागद उजेडाला धरायचे, एकेका ओळीखालून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, “व्हतंय की आक्का, पण आज न्हाय.”

मी तेव्हा पन्नाशीची, पण अक्कल कोवळीच. पतसंस्थेच्या लिलावात घराची बोली जिंकले आणि दुसऱ्याच दिवशी दारावर माझ्या नावाची पाटी ठोकली! ज्याचं ते घर लिलावात निघालं, त्या कर्जदाराने घर घेताना खरेदी नोंदवलीच नव्हती, हे नंतर कळलं. आता त्याला घर विकणाऱ्या आजोबांचा खरेदीखतावर अंगठा मिळाल्याशिवाय ते माझ्या नावावर होणार नव्हतं. दोन वर्षं मी त्या कारकुनांनाच मनात शिव्या घातल्या.

शेवटी ते आजोबा सांबऱ्याहून रिक्षाने आले, पण त्यांना माडीवरच्या कचेरीचा जिना चढवेना. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात कारकून रजिस्टर काखेत मारून, नोंदणी करणाऱ्या साहेबांना सोबत घेऊन खाली उतरले.

“चालतंय व्हय असं?” मी विचारलं.

“अंगठा साहेबांसमोर पायजे, आक्का. माडीवरच पायजे, असं कुठं लिवलंय?”

रिक्षातच अंगठा उमटला. कारकुनांनी तो निरखला. “पुसट आलाय, आप्पा. परत द्या.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “उताऱ्यावर नाव चढायला अजून महिना लागंल.”

“दोन लावा,” मी म्हणाले आणि सगळ्यांसाठी चहा सांगायला गेले.