हार घातलेला फोटो

मालिकेच्या सेटवर मी साड्यांना इस्त्री करते. आज सेटवरच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर मालिकेतल्या सासूचा फोटो दिसला, त्याला चंदनाचा हार. सासूचं काम करणाऱ्या सुलभाताई दारातच थबकल्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"अगं बाई, मी गेले वाटतं!" त्या हसल्या. दुसरं कोणी हसलं नाही.

कारखान्यातून काढताना निदान हातात कागद देतात. इथे माणूस श्वास घेत उभा असतो आणि भिंतीवरून त्याला कळतं.

त्यांची साडी माझ्या हातात होती. द्यावी की ठेवावी, कळेना.

"दे गं. आलेय तर नेसून बसते."

दिवसभर त्यांना कोणी बोलावलं नाही. संध्याकाळी साडी परत आली, बसून बसून चुरगळलेली. मी ती पुन्हा इस्त्री करून त्यांच्याच नावाच्या हँगरला लावली.