व्यवसाय : गृहिणी

परक्या देशात येऊन तिला सतरा वर्षं झाली होती आणि त्यातली सोळा तिने अनोळखी माणसांच्या जबड्यांत घालवली होती. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. दवाखान्यातून हिरड्यांचा ठसा आला की त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात रोवायचा, आणि शेवटी फिरत्या चाकावर धरून कवळी अशी घासायची की जिभेला कुठे कंगोरा लागता कामा नये. ‘आपल्या माणसांत’, म्हणजे तिथल्या चाळीसेक मराठी कुटुंबांच्या गोतावळ्यात, तिला कवळीबाई म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट दातांवरून आपल्याला माणूस कळतो, असं ती छातीठोकपणे सांगायची. नवऱ्याबद्दल तिचं निदान पक्कं होतं: बत्तीसच्या बत्तीस शाबूत, कारण जन्मात कशाचा चावा म्हणून घेतला नाही.

हा नवरा एका गोदामाच्या कचेरीत आवक-जावक लिहायचा. घरी कुठलाही निर्णय घ्यायची वेळ आली की तो एकच प्रश्न विचारी: बाकीच्यांनी काय केलं? फ्रिज त्यांनी बाकीच्यांसारखा घेतला होता, सोफा बाकीच्यांसारखा घेतला होता, आणि तो सोफा सगळ्यांच्याच घरी एकाच कोपऱ्यात खचला होता.

त्या वर्षी लॅबला नवीन मालक आला. आल्या आल्या त्याने कामगारांचा आणि त्यांच्या घरच्यांचा आरोग्य विमा बंद केला, आणि धूळ ओढणारं यंत्र बिघडलं तेही तसंच राहू दिलं. आता ज्याने त्याने आपला विमा आपण काढायचा. महिनाअखेरपर्यंत विम्याचा कागद दाखवला नाही तर राहण्याचा परवाना वाढवून मिळणार नव्हता. नवऱ्याला त्यात काळजीचं काही दिसेना. विमेभाऊ होता ना.

गोतावळ्यातलाच हा विमेभाऊ आधी पाण्याचे फिल्टर विकायचा, मग सुट्टीच्या बंगल्यांची सभासदत्वं, आणि आता विमा. गिऱ्हाईक तेच, आवाज तोच, फक्त हातातली पिशवी बदलायची. त्याच्या योजनेचा मोठा मान होता, आणि तो मान कशामुळे, तर परदेशात मेलात तर प्रेत सोबतीच्या एका माणसासह फुकट मायदेशी पोचवणार. एका रविवारी जमलेले सगळे पुरुष हे ऐकून असे खूश झाले, जणू सहलीचा बेत ठरला. सोबत कोणाला न्यायचं यावर थट्टाही झाली. तिने तिथेच विचारलं, की मरायच्या आधी औषधपाण्याचं काय? त्यावर विमेभाऊ मायेने हसला आणि वहिनी फार पुढचा विचार करतात म्हणाला.

तिला आठ महिन्यांपासून खोकला होता. कोरडा, खालून वर येणारा. डॉक्टरांनी दोनदा छातीचा फोटो काढायला सांगून तसं त्यांच्या नोंदीत लिहूनही ठेवलं होतं. शेजारच्या चाकावरच्या म्हाताऱ्या कारागिराचं काय झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या परवान्याची मुदत आधी आली होती. त्याने अशाच एका योजनेच्या अर्जात खोकला लपवला, आणि इस्पितळात पडला तेव्हा कंपनीने दवाखान्यातल्या जुन्या नोंदी उकरून काढून हात झटकले. म्हातारा अर्ध्या उपचारावर उठून आपल्या देशी गेला. स्वतःच्या पायांनी गेला, म्हणून प्रेताची सवलतही हुकली.

म्हणून चार संध्याकाळी ती तीन कंपन्यांची माहितीपत्रकं घेऊन बसली. लॅबमधल्या लाल पेन्सिलीने खुणा करत तिने प्रत्येकीचं शेवटचं पान आधी वाचलं, कारण बारीक अक्षर तिथेच असतं. नवरा जाता-येता विचारी, “परीक्षा कधी आहे?” ती पान उलटायची. ज्याने फ्रिजसुद्धा मतदानाने घेतला, त्याच्याशी काय बोलायचं?

महिना संपायला सहा दिवस उरले असताना विमेभाऊ घरी आला. दोघांचे अर्ज भरूनच आणले होते. वहिनींना त्रास नको, फक्त सह्या करायच्या, असं म्हणून त्याने पेनाचं टोपणही काढून दिलं. नवऱ्याने सही ठोकली. ती वाचत बसली.

दुसऱ्या पानावर आजारांची यादी होती आणि प्रत्येकापुढे ‘नाही’. हात इतका सरावलेला की सगळे ‘नाही’ एका मापाचे, एकाच बाजूला कललेले. दमा नाही, खोकला नाही, श्वासाचा त्रास नाही. ती पहिल्या पानावर परत गेली आणि तिथे थांबली. नाव, वय, पत्ता. त्याखाली व्यवसाय: गृहिणी.

“भाऊजी, हा अर्ज कुणाचा?”

“तुमचाच की. नाव बघा ना वर.”

“नाव माझं आहे. बाई दुसरी आहे. ही घरी बसते.”

विमेभाऊने पाठ सोफ्याला टेकली आणि समजूत घालायला घेतली. गृहिणी लिहिलं की अर्ज हलक्या वर्गात जातो, कोणी काही विचारत नाही. धूळ, रसायन असलं काही दिसलं की तपासण्या लावतात. त्याने सगळ्याच बायकांचं तसं लिहिलं होतं. बस चालवणारी गृहिणी, इस्पितळात रात्रपाळ्या करणारी नर्स गृहिणी, कपड्यांच्या कारखान्यात इस्त्री मारणारी गृहिणी. एकीनेही तक्रार केली नव्हती, हे त्याने पुराव्यासारखं पुढे ठेवलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो कपातला चहा निरखत होता. तळाशी काही वाचायला मिळेल असा.

“तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, सगळ्यांचं तसंच लिहिलंय.”

“सोळा वर्षं रोज सकाळी मी डबा घेऊन कुठे जाते म्हणून सांगितलंत ह्यांना?”

“कागदापुरतं तर आहे,” नवरा म्हणाला. आणि विमेभाऊने लगेच री ओढली, “तुमचं काम आम्हाला माहीत आहे ना, वहिनी. पुरे की.”

“तुम्हाला माहीत असून मी काय करू? उद्या गृहिणीच्या छातीत कवळीची भुकटी सापडली तर कंपनीने काय समजायचं, मी भाजीत घालते?”

विमेभाऊचं हसू तसंच राहिलं, नुसतं वाळलं. मग त्याने ठेवणीतलं काढलं. हप्त्यातली सवलत चाळीस घरांवर मिळणार होती. एक घर गळलं तर एकोणचाळीसांची अडणार, आणि लोक विचारणार कोणामुळे. नवऱ्याच्या कपाळावर घाम आला. चाळीस घरांनी आपल्याबद्दल बोलावं, ह्याहून भयंकर आजार त्याला ठाऊक नव्हता.

“अडू देत,” ती म्हणाली, आणि टोपण लावून पेन दोन्ही अर्जांसह परत केलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती लाल खुणांतून निवडलेल्या कंपनीच्या कचेरीत गेली. नवराही मागून आला, बायको मुदत चुकवून दोघांनाही देशाबाहेर घालवणार असं पुटपुटत. काउंटरवरच्या मुलीने व्यवसाय विचारला. तिने सगळं सांगितलं: प्लास्टर, चाक, भुकटी, बंद यंत्र. खोकला कधीपासून, तर आठ महिने. मुलीने मान वर केली. म्हणाली, खरं लिहिलंत तर आधी छातीचा फोटो लागेल, आणि फोटो वाईट निघाला तर अर्ज नाकारला जाईल. मग मुदतीत दुसरीकडे काही होणं कठीण. तरी असंच लिहू?

“ऐकलंस?” नवरा कुजबुजला. “अजून वेळ आहे. खोकला खोड.”

“तो खोडून जात असता तर आठ महिने तुमच्या शेजारी कोण खोकत होतं?”

तिने सही केली. फोटो खालच्याच मजल्यावर काढायचा होता. थंड पाटीला छाती लावून श्वास रोखून धरायचा. पहिल्यांदा खोकला आला. दुसऱ्यांदाही. काचेमागचा माणूस वैतागला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले, आणि एखादा बारीकसा दात मेणात बसवताना रोखते तसा श्वास रोखला.

मुदतीच्या आदल्या दिवशी पत्र आलं. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी धुळीची खूण होती, पण सुरुवातीची. दोघांचाही विमा मंजूर, पण तिचा हप्ता चढा, छातीचे उपचार सहा महिन्यांनंतर लागू. तोवर धुळीपासून दूर राहावं, असा डॉक्टरांचा शेरा सोबत होता. पत्राची एक प्रत तिने परवान्याच्या कचेरीत दिली आणि दुसरी मालकाच्या टेबलावर ठेवून सांगितलं, की यंत्र चालू होईपर्यंत ती मेणकाम करेल, चाकाला हात लावणार नाही. मालकाने मेणकामाचा पगार कमी असतो याची आठवण करून दिली. तिने मान डोलावली आणि मेणाच्या टेबलावर जाऊन बसली.

त्या रविवारी गोतावळ्यातल्या कोणाचा तरी फोन आला. नवरा उभ्यानेच बोलत होता, ताठ मानेने. नाही, आम्ही ती योजना नाही घेतली. प्रेत पोचवतात ते ठीक आहे हो, पण माणसाने जिवंतपणाचाही विचार करायला हवा. आम्ही चार दिवस बसून सगळं वाचलं. बारीक अक्षरसुद्धा.

पलीकडचा माणूस बहुधा वाखाणत असावा, कारण नवरा लाजून हसला. सगळे दात दिसले.

तिला खोकल्याची उबळ आली. नवऱ्याने फोनवर हात ठेवला आणि नीट ऐकू येत नाही म्हणून तिला आतल्या खोलीत जायची खूण केली.