हौसाक्काचे हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. ज्या एका बाईला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

मलकापुरात मी नवा दवाखाना टाकला होता. हौसाक्का थोरल्या मुलाला, दगडूला घेऊन आली. मेंढरं राखणारं घर. त्याच्या डाव्या बरगडीखाली नारळाएवढा गोळा. हिवतापानं पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजली असेल असं धरून मी गोळ्या दिल्या. उतार पडेना. हौसाक्का घरी रोज तेल लावून त्याचं पोट हलक्या हातानं चोळायची — तिनंच मला सांगितलं होतं.

मग एकदा, आत पू असेल असं वाटून, मी त्या गोळ्यात सुई घातली. आलं स्वच्छ पाणी — झऱ्याचं असावं तसं. लगेच दगडूच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला. कसाबसा सावरून त्याला कोल्हापूरला नेलं. हौसाक्का तेव्हा दवाखान्याबाहेर बसली होती. मी सुई घातल्याचं तिला माहीत नव्हतं.

तिथल्या सर्जननी एक्स-रेवरून ओळखलं. कुत्र्याच्या पोटातल्या जंतामुळे होणारी पाण्याची गाठ. पानथरीत क्वचितच होते. तिला सुई लावायची नसते — पाणी पोटात सांडलं की तिथं नव्या गाठी धरतात. हे मी शिकलो नव्हतो का? शिकलो होतो. पानथरी काढून ते बाहेर आले.

"गाठ आधीच फुटलीय. सुई घातली होती का कुणी?"

हौसाक्का शेजारीच उभी होती.

"नाही," मी म्हणालो. "आई रोज पोट चोळायची."

तिनं हात पदराखाली घेतले — बस्स.

काही वर्षांनी दगडूचं पोट गाठींनी भरलं. दुसऱ्या ऑपरेशनातून तो उठला नाही.

पुढं तिची धाकटी सून तान्हं लेकरू घेऊन आली, सर्दीसाठी. म्हणाली, "आत्याबाई लेकराला तेल लावत न्हाईत, डाक्टर. न्हाऊ घालायला शेजारणीला बोलवाय लागतंय. म्हणत्यात, ह्या हातानं एक पोट फोडलंय. तुमी तरी सांगा की त्यास्नी."

हौसाक्का दारातच बसली होती. मान वर करून माझ्याकडे बघत होती — वाट बघत होती का? आणि मी काय केलं? सर्दीचं औषध लिहून दिलं.

गेल्या महिन्यात ती वारली. घरातल्या एकाही नातवंडाला तिनं कधी न्हाऊ घातलं नाही.

सुई मी घातली होती.