विहिरीतली बाय

रोझी, मी ठाणं सोडलं त्या सकाळी बा दारात उभा राहून ओरडत होता, आगबोट चुकेल म्हणून. आणि आपली आये मात्र मला शेवटची कळशी भरायला विहिरीवर घेऊन गेली. साहेबाच्या मुलांची आया म्हणून मी विलायतेला निघाले होते. तू लहान होतीस, माझा पदर धरून मागे मागे. आयेनं कळशी कठड्यावर दोनदा वाजवली आणि आत वाकून म्हणाली, "सर गो बाय, पानी काढतंय."

विहिरीतला मासा तुला आठवतच असेल. खाडीची मासळी रोज चुलीवर चढायची, पण हा मासा घरचा. किडे खाऊन पाणी निर्मळ ठेवायचा, म्हणून त्याला कळशी लागू नये, आधी वाजवून बाजूला सरायला सांगायचं, एवढं आपण बघायचं. आयेच्या लेखी ती बायच! निघताना आये मला रडत एवढंच म्हणाली, "जातेस तं जा, पन आपली बोली विसरू नको."

मी विसरले नाही गो. पण इथं बोलायचं कोणाशी? लग्न केलं ते आगबोटीवरच्या गोव्याच्या बटलराशी. त्याची बोली वेगळी, माझी वेगळी, शेवटी घरात इंग्लिशच पाय पसरून बसली. आमची मुलगी मारी इंग्लिशच बोलते. मी आपल्या बोलीत हाक मारावी आणि तिनं 'येस ममा' म्हणावं. हे मला फार लागायचं.

गेल्या उन्हाळ्यात तिला अ‍ॅक्वेरियम दाखवायला नेलं. भिंतीएवढ्या काचा, त्यांच्यामागे कोंडलेला समुद्र, आणि लोक तिकीट काढून मासे नुसते बघतात! केवढी मोठी वाम होती! मला आधी कालवणच आठवलं. मग ती पोहत अगदी काचेपाशी आली आणि माझा हात आपसूक पुढे गेला. दोनदा टकटक केलं आणि म्हटलं, "सर गो बाय, पानी काढतंय." पहारेकरी धावतच आला. वाजवलं की मासे भितात म्हणे. त्याला काय सांगणार, आमच्याकडे न वाजवणं हाच आगाऊपणा! मारी लाजून अर्धी झाली, घरी येईपर्यंत माझ्यापुढे चार पावलं चालत राहिली. मला वाटलं, संपलं. आयेची बोली माझ्याबरोबरच मातीत जाणार.

पुढे मारीच्या बापानं तिला एक गोल्डफिश आणून दिला, काचेच्या गोल भांड्यात. त्याचं सगळं तीच करते. काल मी चुलीपाशी बटाटे सोलत होते. मारी पाणी बदलायला पेला घेऊन आली. भांड्यापाशी थांबली. काचेला हात न लावता तिनं टेबलावर हळूच दोनदा वाजवलं आणि वाकून म्हणाली, "सर गो बाय, पानी काढतंय."

उच्चार सगळे साहेबी. मी मान वर केली नाही, हातातला बटाटा नुसता धरून बसले.

आता घर म्हटलं की मला आपली विहीर दिसते आणि तिच्या शेजारी हे भांडंही. रोझी, आयेला एवढं वाचून दाखव. म्हणावं, तुझी नात सांगितल्याशिवाय पाणी काढत नाही.