शौल मोठ्या घरचा होता

मी शिडीवर होतो. मस्कतजवळ अल हैलला, भास्करकाकांच्या व्हिलाच्या अंगणात, कापडी छताचा कोपरा ताणून बांधत होतो. आदल्या दिवशी वारं सुटलं होतं, त्यानं कापड ढिलं पडलं होतं. खाली आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची पोरं सतरंजीवर बसली होती. मस्कतला सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमची संडे स्कूलही शुक्रवारी.

सगळ्या मंडळीचे काका, तेच शिकवत होते. विषय प्रेषित पौल. म्हणजे पौल व्हायच्या आधीचा शौल. हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाचं पहिलं फळ देवाला देतात त्या सणाला, मुलं त्याचं नाटक करणार होती. शौलाचं भाषण ज्याला पाठ येईल तो शौल, असं काकांनीच ठरवलेलं.

माझी सलोनी उभी राहिली. पोरगी इथंच वाढली, घरातही इंग्रजीच फाडते. पण हे भाषण तिनं जीव लावून घोकलं होतं. मी तार्स शहरातला. जन्मानं यहूदी. बन्यामिनाच्या वंशातला. आईबाप इब्री, मी इब्री. यरुशलेमात गमलियेल गुरुजींच्या पायाशी बसून शिकलो. पंथानं परूशी. घडाघडा म्हणाली. कुठं अडली नाही. शिडीवर माझी छाती फुगली.

"छान," काका म्हणाले. "आता शौलानं जसं आपलं कूळ सांगितलं, तसं तू तुझं सांग."

काकांचं स्वतःचं कूळ मंडळीत सगळ्यांना पाठ आहे. पणजोबा ब्राह्मण. शास्त्री. ख्रिस्ती झाले तेव्हा घरच्यांनी त्यांचं जिवंतपणी श्राद्ध घातलं. दर नाताळाला ही गोष्ट होते, आणि काकांचा आवाज दर वेळी तिथंच भरून येतो.

सलोनीनं वर माझ्याकडे बघितलं, हसली आणि म्हणाली, "माझे पणजोबा दोर वळायचे. घायपाताचे. खूप स्ट्राँग."

काकाही हसले. गोड हसले. त्यांचं सगळं गोडच असतं.

"म्हणजे मांग," ते म्हणाले. "बस, बाळ. शौल तुला नको. शौल मोठ्या घरचा होता. तू असं कर, नाटकात तंबू आहे ना, त्याचा दोर धर. तुमच्या रक्तातच आहे ते."

पोरांना काही कळलं नाही. मागं खुर्च्यांवर बसलेल्या आईबापांना कळलं. हसले. सगळे नाही हसले. पण जे हसले नाहीत त्यांनी मोबाइल काढून त्यात डोकं घातलं.

मग काकांनी मान वर केली. "काय मास्टर, बरोबर ना?"

आणि मी मान डोलावली. हातात दोर होता. अर्धी गाठ मारून झाली होती. राहिलेली अर्धी मारली. त्यांच्या डोक्यावर सावली नीट पडावी म्हणून खेचून, घट्ट मारली. च्यायला.

ते छत मीच शिवलं होतं. मस्कतच्या गाला भागात एका वर्कशॉपमध्ये मी शिलाईचा मास्टर आहे. मजलिसचे, म्हणजे बैठकीचे, तंबू, गाड्यांच्या शेड, सगळं शिवतो. उरलेलं चांगलं कापड अर्बाबाला, म्हणजे मालकाला, विचारून घेतलं, सुट्टीच्या दिवशी मशीनवर बसून शिवलं, कडेचे दोर हातानं गुंफले. देवाच्या नावानं दिलं. काकांनी तेव्हा प्रार्थनेत माझं नाव घेतलं होतं. बायकोला किती बरं वाटलं होतं.

गाडीत सलोनी मागं बसली होती. सिग्नलला म्हणाली, "पप्पा, मांग म्हणजे काय? इज इट अ बॅड वर्ड?"

"जात आहे," मी म्हणालो. "आपली."

"बट वी आर ख्रिश्चन."

"हो."

"मग?"

सिग्नल सुटला. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली.

घरी तिला सगळं सांगितलं. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. माझा आजा. वेशीबाहेर घर. पाटलाच्या बैलांना, विहिरीच्या मोटेला, सगळ्याला आजाचा दोर, आणि आजाला उंबऱ्याच्या आत पाय ठेवायची बंदी. मग मिशन आलं. आजानं बाप्तिस्मा घेतला. पाद्रीसाहेबानं त्याचं नाव ठेवलं पौलस. आजाला वाटलं, सुटलो. गावानं त्याला मरेपर्यंत हाक मारली, "ए पौल्या मांगा." बरं, गावाचं सोडा. चर्चमध्ये तरी? तिथंही आमची माणसं दाराशी बसायची. पुढच्या रांगा मोठ्या घरांतून आलेल्यांच्या. प्रभूभोजनाचा प्याला पुढून सुरू व्हायचा आणि आमच्याकडे शेवटी यायचा. कुणी तसा नियम केला नव्हता. नियम करायची गरजच नव्हती.

सलोनी ऐकत होती. रडली नाही. आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ते भाषण घरात ऐकू आलं नाही. सणाचं नाव काढलं की ती उठून जायची. मांग या शब्दाला पोरगी घाबरायला लागली होती. हे मला सहन होईना. मला काय बोलले ते मी गिळलं असतं, आजवर गिळलंच. पण तिनं मान खाली घालायला शिकायचं? माझ्या डोळ्यांदेखत?

सुनंदा, माझी बायको, सीबला क्लिनिकमध्ये नर्स आहे. ती म्हणाली, "अहो, सोडा ना. परमुलखात चार माणसं आपली आहेत. उद्या काही झालं तर हेच धावून येणार."

"आपली?" मी म्हणालो.

मी डूख धरला. खोटं कशाला बोलू? ख्रिस्ती माणसानं धरू नये म्हणतात, मी धरला. काय काय डोक्यात आलं. इथं बंदी असताना घरात मेळावे भरवतात म्हणून कुठं तक्रार करावी. त्यांच्या कंपनीत कुणाला तरी सांगावं. पण मला त्यांना दुसऱ्याच्या हातानं मारायचं नव्हतं. माझ्या हातानं मारायचं होतं, आणि सगळ्यांसमोर.

वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर हनीफभाई बसतो. रत्नागिरीकडचा. जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "काय झालंय रे तुला? सुई कापडात कमी, बोटात जास्त घालतोयस."

सांगितलं सगळं. त्यानं विचारलं, "तो पौल कोण? खानदानी होता काय?"

"होता," मी म्हणालो. "यहूदी. वंश मोठा, गुरू मोठा. वर जन्मानंच रोमी नागरिक. तरणा असताना येशूच्या एका भक्ताला लोकांनी दगडांनी मारलं, तेव्हा मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत उभा होता. नंतर बदलला. म्हणाला, माझं कूळबिळ सगळा केरकचरा, टाकून दिलं."

"आणि काम?"

"तंबू करायचा."

हनीफभाई माझ्या मशीनकडं बघून खो खो हसला. "मग तुझ्या काकाला तंबू शिवायला बसव की!"

मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. पौलानं टाकलं, ठीक. होतं म्हणून टाकलं. आणि तरी पुरतं कुठं टाकलं? फटके पडायची वेळ आली तेव्हा तोच म्हणाला ना, थांबा, मी जन्मानं रोमी आहे? लगेच फटके टळले. म्हणजे लागेल तेव्हा काढायला जन्म खिशात होताच. माझ्या आजाच्या खिशात काय होतं? त्यानं काय टाकायचं? फटके पडायचे तेव्हा काय काढून दाखवायचं? आणि काका तर पौलाएवढंही करत नाहीत. ते टाकत नाहीत. दर नाताळाला काढून, पुसून परत आत ठेवतात.

मी आजवर उलटं करत आलो होतो. माझं झाकत आलो होतो. माझ्याकडे झाकण्यासारखं काय होतं? लाज वाटायची तर ती त्यांची होती, आणि पिढ्यान् पिढ्या ती आम्ही वागवली. हे त्या दुपारी कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या शुक्रवारी रंगीत तालीम. सगळी मंडळी हजर. सप्टेंबरातलं मस्कत, दहा वाजताच भट्टी पेटलेली. पुढच्या रांगेत काका. शौल झाला होता त्यांचा नातू, मराठी अडखळत, पण डोक्याला झकास पटका. मागं नाटकातला छोटा तंबू, आणि त्याचा दोर धरून उभी माझी सलोनी. मान खाली.

नातू म्हणाला, "मी बन्यामिनाच्या वंशातला." मी शिडी लावली आणि पहिला दोर सोडला.

छताचा कोपरा खाली आला. ऊन थेट पहिल्या रांगेवर पडलं.

"मास्टर, आत्ता नको," काका म्हणाले. "तालीम चाललीय."

"चालू द्या."

शिडी सरकवली. दुसरा दोर.

"अहो, काय चाललंय काय? देवाला दिलेलं परत काढून नेतात का कुणी?"

"देवाला दिलं होतं," मी म्हणालो. "खाली तुम्ही बसलात."

मग मी शिडीवरूनच बोललो, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं. "तुमचा शौल कूळ सांगतोय, माझंही ऐका. जन्मानं मांग. आईकडून मांग, बापाकडून मांग. माझा आजा पौलस, बाप्तिस्मा घेऊन दाराशी बसलेला. हे कापड मांगानं शिवलं. हा दोर मांगानं गुंफला. ज्यांना त्या दिवशी हसू आलं, त्यांनी आता हसावं."

कुणी हसलं नाही. सलोनीनं मान वर केली. मला वाटलं होतं, तिला सांगावं लागेल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हातातला दोर सोडून दिला. तंबू आडवा झाला. काकांचा नातू पटक्यासकट खाली गुरफटला. ती त्याला ओलांडून आली आणि माझी शिडी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

मी सगळे दोर सोडले. सावकाश. घाई केली नाही. बायका पदर डोक्यावर घेऊन भिंतीला चिकटल्या. काका एकटेच खुर्चीत. टकलावर रुमाल, रुमालाखालून घाम. उठले तर हरले, म्हणून उठत नव्हते. मला दया आली नाही. यायला हवी होती म्हणे. मला गार वाटलं. आजवर कुठल्या प्रार्थनेनं वाटलं नव्हतं एवढं गार.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज तसाच, गोड.

"गैरसमज झाला तुमचा. ख्रिस्तात कूळबिळ काही नसतं."

"हे तुम्हाला उन्हात कळलं का?" मी म्हणालो.

मग म्हणाले, "सलोनीलाच शौल करू. क्षमा करा. तुम्ही ख्रिस्ती माणूस आहात."

"तिला शौल व्हायचं नाही. आणि क्षमा नाही करत," मी म्हणालो. फोन ठेवला.

सुनंदाचे डोळे भरले होते. "झालं आता. मंडळी सुटली आपली."

"सुटली? का सुटेल?"

मी सोडणार नाही. सोडलं तर त्यांना हवं तेच होईल, दाराशी बसणारा दाराबाहेर गेला म्हणतील. दर शुक्रवारी जाणार. बायको येवो न येवो, मी आणि सलोनी जाणार. दाराशी नाही, पहिल्या रांगेत, काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसणार. प्याला आला की त्यांच्या आधी हात पुढं करणार. कुणी नवीन माणूस आलं की उठून सांगणार, मी मांग, ही माझी मुलगी. विचारलं नाही तरी सांगणार. नाताळाला त्यांची पणजोबांची गोष्ट झाली की मी उभा राहून माझ्या आजाची सांगणार, आणि सांगताना माझा आवाज भरून येणार नाही.

पौलाच्या अंगात एक काटा होता म्हणे. हा काढ म्हणून त्यानं देवाला पुन्हा पुन्हा विनवलं. देवानं काढला नाही. आता भास्करकाकांनी विनवावं. मी निघणार नाही.