सोलंगच्या बर्फगाडीला वसईचा टाका

मनालीला जायचं ठरलं ते फक्त बर्फ पाहायला. माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे प्रमोदच्या, बँकेतल्या चार कुटुंबांनी मिळून सहल आखली होती. विरारच्या चंदनसारमधल्या आमच्या बिल्डिंगमधून रिक्षा निघाली, तेव्हा सासूबाई गॅलरीतून ओरडल्या, "कान झाका गं दोघं!" माझ्या पिशवीत उमेळ्याहून आईने पाठवलेली सुकेळी होती. सुकेळी म्हणजे आमच्या वसईची उन्हात वाळवलेली केळी, केळीच्याच सोपटात बांधलेली. प्रवासात ती चार दिवस सोडा, महिनाभर टिकतात.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. बोरिवलीहून दिल्ली, दिल्लीहून रात्रभर बस. सकाळी डोळा उघडला तो बियास नदीच्या आवाजाने. खिडकीची काच पुसली तर समोर पांढरा डोंगर, उन्हात तळपणारा. वसईत आम्ही मिठागरांचे पांढरे ढीग बघत वाढलो. पण हे पांढरं नजरेत मावतच नव्हतं. प्रमोद नुसताच "बाप रे" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सोलंगच्या उतारावर गेलो. तिथे स्नो-स्कूटर भाड्याने मिळते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: पुढे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रुंद रबरी पट्टा, आणि वर मोटारसायकलसारखी सीट. आमच्या वाट्याला आलेली गाडी सर्वांत मोठी होती. तिचा मालक टेकचंद, तिशीचा, गालांवर उन्हाने रापलेले लाल डाग. प्रमोद त्याच्यामागे बसला आणि दोघे भुर्रकन वर गेले. खाली आले ते वाफेच्या ढगातून. गाडीखालून हिरवं पाणी गळत होतं आणि बर्फावर त्याची रेघ उमटली होती.

टेकचंदने उडी मारून गाडी आडवी केली आणि डोक्याला हात लावला.

मी वाकून पाहिलं. पट्टा बर्फावरून घसरू नये म्हणून त्यावर पोलादी खिळे ठोकलेले होते. पट्ट्याच्या वर ॲल्युमिनियमचं लांब छत असतं आणि त्या छतालाच इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची चपटी नळी जोडलेली असते. खिळ्यांनी ते सगळं छत मांजरीने ओरबाडावं तसं ओरबाडलं होतं. नळी तीन ठिकाणी फाटली होती. एका भेगेवर कसलीशी काळी लांबी भरलेली होती, तीही निघून आलेली.

"सकाळी उतार काचेसारखा होतो," टेकचंद हिंदीत सांगू लागला. "म्हणून यंदा दिल्लीहून खिळे मागवले. लांब निघाले."

तेवढ्यात एक बाई बर्फातून धापा टाकत आली. अंगावर पट्टू (कुल्लूकडच्या बायका अंगाभोवती गुंडाळून पिनांनी अडकवतात ती जाड लोकरी घोंगडी), खांद्याला औषधांची पेटी. ती टेकचंदची बायको कमला, सरकारी उपकेंद्रातली नर्स. गाडी बघून तिचा चेहरा उतरला.

कमलाने सांगितलं, वरच्या वस्तीवर एका बाईचे दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला तिच्या अंगावरून फार रक्त गेलं होतं. रस्ता बर्फाने बुजलेला. इतरांच्या स्कूटर लहान, त्या खोल बर्फात रुतायच्या. वर चढायची ती हीच एक. आम्ही जिला खेळणं समजत होतो, ती त्या वस्तीची हिवाळ्यातली रुग्णवाहिका होती. नवी नळी परदेशातून यायची म्हणजे बर्फ वितळून जायचा.

माझ्या तोंडून निघून गेलं, "हे वेल्ड होईल."

टेकचंदने प्रमोदकडे बघितलं. "भाईसाब, आप वेल्डर हैं?"

"मैं तो बैंक में हूँ," प्रमोद म्हणाला. "वेल्डर ये हैं."

इतकं साधं म्हणाला तो, पण मला त्या थंडीत ऊब आली.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. वसई पूर्वेला बाबांचा वेल्डिंगचा गाळा आहे. मच्छीमार बोटींच्या डिझेलच्या टाक्या, डेअरीची भांडी, असं ॲल्युमिनियमचं काम तिथे चालतं. बी.कॉम. झाल्यावर मी बिलं लिहायला बसायचे, पण लक्ष निळ्या ज्योतीकडे. शेवटी बाबांनी वेल्डिंगची काळी काच हातात दिली आणि म्हणाले, "बस इथं." लग्नानंतरही मी रोज गाळ्यावर जाते. बिलं आता दुसरं कुणीतरी लिहितं.

सहलीची गाडी दुसऱ्या सकाळी परत निघणार होती. प्रमोदच्या सहकाऱ्यांपैकी एक म्हणाले, "अहो वहिनी, सुट्टीत कसलं वेल्डिंग? आणि बिघडलं तर?" प्रश्न खोटा नव्हता. प्रमोदने आमच्या बॅगा बसमधून उतरवून घेतल्या. "तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतो मागून."

टेकचंदने गाडी जीपमध्ये चढवली आणि कुल्लूच्या वाटेवरच्या एका गॅरेजमध्ये नेली. मालक गुरमीत, पन्नाशीचे सरदारजी. सफरचंदाच्या रसाच्या स्टीलच्या टाक्या ते जोडायचे, म्हणून ॲल्युमिनियमलाही चालणारा आर्गन वायूचा वेल्डिंग सेट त्यांच्याकडे होता. "स्टील मैं कर लेता हूँ जी. ॲल्युमिनियम दो बार किया, दोनों बार जला दिया," ते मोकळेपणाने म्हणाले आणि स्वतःचे हातमोजे मला दिले. माझे दोन्ही हात एकात मावले असते.

सकाळी घराघरांत हीटर चालू, म्हणून वीज अशक्त. दुपारपर्यंत थांबणं भाग होतं. तोवर टेकचंद, गुरमीतजी आणि मी, आम्ही तिघांनी पट्टा उतरवला, नळी गरम पाण्याने आतून धुतली, वाळवली, भेगांच्या कडा घासून चकचकीत केल्या. भरायला तार नव्हती. गुरमीतजींनी गाडीच्या फाटक्या छताच्याच पत्र्यातून बारीक पट्ट्या कापून दिल्या. वसईत आमचं भांडण खाऱ्या, दमट हवेशी असतं. इथे धातूच गोठलेला. ब्लोलॅम्पने मी तो शेकत बसले, हाताला चटका बसेल इतका.

दुपारी ज्योत लावली. पहिल्याच भेगेवर घोटाळा झाला. हात क्षणभर रेंगाळला आणि कडा विरघळून खाली गळाली. भेगेच्या जागी बोट जाईल एवढं भोक पडलं. काच वर केली तर टेकचंद पांढराफटक पडला होता. प्रमोद माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. गाडी माझी नव्हती, आणि वर वाट बघणारी बाईही माझ्या ओळखीची नव्हती. पण मी "होईल" म्हटलं होतं.

बाबांचा आवाज कानात आला. वितळलेल्या धातूला ते पानीच म्हणतात. "पानी झालं का सरक पुढं. थांबलीस का गेलं."

मी उठले, चहा मागितला, तो उभ्याने प्यायले. मग भोकाच्या मापाचा तुकडा कापला, चारही कोपऱ्यांना टाके मारले, पुन्हा शेकलं आणि कडेकडेने निघाले. धातू चमकला की सरक. चमकला की सरक. नाण्यांची चळत कलंडावी तसा एकावर एक पडलेला जोड मागे दिसू लागला, तेव्हा गुरमीतजी हळूच म्हणाले, "वाह."

तिन्ही भेगा बुजल्या. नळीचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हवा भरली, वर साबणाचं पाणी फासलं. एका टोकाला बारीकसा बुडबुडा फुगला. तेवढा भाग घासून पुन्हा केला. पुन्हा साबण. चौघं डोकी एकत्र करून बघत होतो. बुडबुडा आला नाही.

पण नुसतं बुजवून भागणार नव्हतं. खिळ्यांनी उद्या परत फाडलं असतं. नळीच्या रेषेतले खिळे काढून टाकले, बाकीचे घासून आखूड केले, छताला दोन जाड पट्ट्या बसवल्या, म्हणजे पट्टा उसळला तरी आधी त्यांच्यावर आपटेल. ढिला पट्टाही गुरमीतजींनी ताणून दिला. निघताना ते म्हणाले, "बेटी, एक बार मेरे हाथ से भी करवा दो." भंगारातल्या दोन तुकड्यांवर त्यांनी जोड घातला, मी शेजारी बसून "सरको, सरको" म्हणत राहिले. या वेळी जळला नाही. त्यांनी तो तुकडा खिळ्याला टांगून ठेवला.

दुसऱ्या सकाळी टेकचंद गाडी घेऊन सोलंगचा उतार चढला, उतरला, परत चढला. खाली एक थेंब नाही. त्याने मागच्या सीटवर हात थोपटला. कमला पेटी घेऊन बसली. मी घाईघाईने तिच्या हातात सुकेळीचा पुडा कोंबला. दोघं दरीच्या वळणाआड गेली.

आम्ही टेकचंदच्या घरी थांबलो. त्याच्या आईने तंदूरपाशी (इथे तंदूर म्हणजे खोलीच्या मधोमध पेटवलेली पत्र्याची शेगडी) बसवून सिड्डू वाढले, म्हणजे अक्रोडाचं सारण भरून वाफवलेली गव्हाची जाड भाकरी, वर तुपाची धार. चव छान होती, पण माझं लक्ष दाराकडे. घास गिळताना मी मनात एकेक जोड पुन्हा तपासत होते. म्हातारी माझ्याकडे बघून हसली. "खा ले. लोहा तूने जोड़ दिया. बाकी कमला जोड़ेगी."

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनाचा आवाज आला. मी अनवाणीच अंगणात धावले. कमला उतरली, तोंडावरचा मफलर खाली केला.

"लड़की हुई है. दोनों ठीक हैं," ती म्हणाली. "पूछ रही थी, वो मीठी चीज़ क्या थी."

मी हसायला गेले आणि रडू आलं. टेकचंदने गाडी आडवी करून मला छत दाखवलं. माझे तिन्ही जोड जसेच्या तसे, कोरडे ठणठणीत.

परतीच्या बसमध्ये प्रमोदला गाढ झोप लागली. मी खिडकीतून डोंगर मागे पडताना बघत होते. मनालीत मी हिडिंबेचं देऊळ पाहिलं नाही, रोहतांगच्या रस्त्याला लागले नाही, माल रोडवर एक शाल घेतली नाही. तरीही इतकी भरून मी कुठल्याच प्रवासातून आले नव्हते. गाळ्यावर जे काम मी रोज करते, ते आमच्या समुद्रापासून इतक्या लांब, बर्फातल्या एका अनोळखी घरी उपयोगी पडलं होतं. अभिमान वाटणं वाईट म्हणतात. मला वाटला, आणि मी तो वाटू दिला.

विरारला पोचेपर्यंत प्रमोदने फोनवर सांगितलेली बातमी त्याच्या सहकाऱ्यांनी बिल्डिंगभर केली होती. संध्याकाळी शेजारच्या काकू गळका कुकर घेऊन दारात उभ्या. मी हात पुढे करणार, इतक्यात सासूबाई आतून आल्या, पदर खोचून दाराच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"कुकर खाली नाक्यावर द्या हो," त्या म्हणाल्या. "आमची सून बर्फातल्या गाड्या जोडते."