सुतारवादन

फरक एका उकाराचा होता, पण त्या एका उकाराने सुतारमामाची झोप उडवली.

शाळांना सुट्ट्या लागल्या की त्या भागातली पाच-सहा गावं मिळून आठ दिवसांचा कलामहोत्सव करायची. वाचनालयामागच्या मैदानात रोज संध्याकाळी काही ना काही असायचं. कधी गाणं, कधी नाटक, कधी कुणाच्या कविता. कविता असल्या की खुर्च्या जरा कमी लागायच्या, इतकंच. कार्यक्रमांचा मोठा फलक पेंटरताई रंगवायची. यंदा आदल्याच दिवशी तिने मामाच्या दुकानावरची 'सुतारकाम' ही पाटी नव्याने रंगवून दिली होती. हात त्या वळणावर बसलेला, डोक्यावर ऊन तापलेलं, आणि रविवारच्या ओळीत 'सतारवादन' लिहायचं तिथे तिने ठसठशीत लाल अक्षरांत 'सुतारवादन' लिहून टाकलं.

मग काय, लोकांना फुकटची करमणूक मिळाली. मामा रस्त्याने निघाला की पोस्टमन सायकल थांबवून विचारायचा, "मामा, करवत वाजवणार की रंधा?" न्हाव्याने तर कहर केला. अर्धी दाढी झालेली असताना वस्तरा उचलून म्हणाला, "आणि साथीला कोण? गवंडी का?" मामा फेस लावलेल्या तोंडाने हसला, पण आतून त्याला रडू येत होतं. ते नुसतं फलकामुळे नव्हतं. खरं कारण वेगळं होतं.

गेली एकतीस वर्षं महोत्सवाचा मंच मामाच बांधायचा. फळ्या त्याच, खांब तेच, पण दर वर्षी तो प्रत्येक फळी नव्याने पारखून घ्यायचा. फळी उभी करायची, लाकडी मोगरीने हलकेच ठोकायची आणि कान लावायचा. जी फळी बद्द बोलेल ती कडेला, जी खणखणीत बोलेल ती मधोमध. मापाची पट्टी तो नंतर काढायचा. बघणाऱ्यांना हे थेर वाटायचे. मामा कुणाला समजावत बसायचा नाही. तो मुळातच मोजकं बोलणारा, आणि जे बोलायचा तेही बहुधा लाकडाशी.

कार्यक्रम सुरू झाला की मामा मंचाखाली जाऊन बसायचा. एखादी फळी करकरली, पाचर सैल झाली तर हाताशी माणूस हवा, असं त्याचं म्हणणं. समितीला ते पटलेलं होतं. मामीला ते कधीच पटलं नाही. ती तिसऱ्या रांगेत शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरायची आणि कार्यक्रम संपल्यावर ती पिशवी उचलून घरी यायची.

यंदा पहिल्याच दिवशी समितीच्या कार्यवाहांनी मामाला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षीपासून तयार लोखंडी मंच येणार, ट्रकमधून उतरवला की दोन तासांत उभा. या कार्यवाहांना पाठीमागे सगळे इस्त्रीसाहेब म्हणायचे, कारण वणव्यासारख्या उन्हातही त्यांच्या शर्टाची घडी मोडत नसे. "मामा, तुमचीही दगदग वाचेल," ते प्रेमाने म्हणाले. मामा म्हणाला, "बरं होईल." पण त्याने तसले मंच पाहिले होते. खाली नुसते आडवेतिडवे नळ असतात, मांजरसुद्धा शिरणार नाही. म्हणजे हा शेवटचा उन्हाळा. आणि त्यात हे 'सुतारवादन'.

रविवारी चार वाजता सतारवाल्या बाई आल्या. सत्तरी उलटलेली, मूर्ती इतकी लहान की खुर्चीत बसल्या तर पाय टेकेनात. फलकासमोर इस्त्रीसाहेब घाम पुसत माफी मागत होते, पेंटरताई डबा आणि ब्रश घेऊन रडवेली उभी होती. बाईंनी फलक वाचला आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"पुसू नका हो," त्या म्हणाल्या. "राहू दे."

मामाने हात देऊन त्यांना मंचावर चढवलं. मधोमध इस्त्रीसाहेबांनी यंदाच आणलेला बोटभर जाड गालिचा होता. तो पाहून मामाच्या तोंडून नको ते निघून गेलं.

"बाई, हा काढला तर चालेल का? नाहीतर खाली काही ऐकूच येत नाही."

"खाली कुणाला?" बाईंनी विचारलं.

मामाने जीभ चावली. इस्त्रीसाहेब मदतीला धावले. "मामा खाली लक्ष ठेवून असतात. फळी करकरली तर."

"करकरते का?"

"छे! एकतीस वर्षांत एकदाही नाही," इस्त्रीसाहेब अभिमानाने म्हणाले.

"मग हे खाली करतात काय?"

हा प्रश्न एकतीस वर्षांत कुणालाही पडला नव्हता. मामा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि गालिचा काढायला लावून पातळ चादरीवर बसल्या.

सहा वाजता मैदान भरलं. अर्धे लोक तर सुतारवादन म्हणजे काय ते बघायलाच आले होते. बाईंनी माइक जवळ ओढला. "फलकावर ज्यांचं नाव आहे ते सुतार कुठे आहेत? त्यांना समोर बसवा. मग सुरू करते." लोकांनी मामाला हाताला धरून आणला आणि मामीशेजारी बसवला. मामीने घाईघाईने पिशवी उचलली, त्याची कॉलर सारखी केली आणि ताठ बसली. आजूबाजूला कोण कोण बघतंय याचा तिने एकदा अंदाज घेतला.

बाईंनी तार छेडली. मामा बघतच राहिला. इतकी वर्षं त्याने कलावंतांची नुसती पावलं ऐकली होती. बोटं कशी चालतात ते तो आज बघत होता. एवढीशी म्हातारी बोटं तार ओढत होती आणि सूर वळून दुसऱ्याच गावाला जात होता. डोळ्यांचं पारणं फिटलं. पण कानांचं काय? आवाज दोन कर्ण्यांतून येत होता, पातळ, दूरचा. मामाने डोळे मिटून पाहिले, मान तिरकी करून पाहिली. ओळखीचं काहीच येईना. आणि खाली या क्षणी काय चाललं असेल, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला. शेवटचा उन्हाळा होता.

"आलोच," तो पुटपुटला आणि उठला. मामीचा चेहरा उतरला, ते त्याने पाहिलं, तरी तो गेला.

मामा रुसला की काय, या धास्तीने इस्त्रीसाहेब मागोमाग आले. मंचामागे पडदा हलत होता. त्यांनी वाकून पाहिलं, काही दिसेना. शर्टाकडे एकदा बघून घेतलं आणि रांगत आत शिरले.

आत मामा खांबाला पाठ लावून बसला होता. तोंडावर बोट ठेवून त्याने शेजारची जागा दाखवली. इस्त्रीसाहेबांनी पाठ टेकवली. सूर कानांतून येतच नव्हता. तो पाठीच्या कण्यातून चढत होता, दातांत वाजत होता. तार थांबली तरी फळ्या थांबत नव्हत्या, एकीकडून दुसरीकडे सूर देत होत्या, आणि फटींतून उतरलेल्या उन्हाच्या पट्ट्यांत धूळ थरथरत होती. खालचा स्वर आला तेव्हा इस्त्रीसाहेबांना जमीन श्वास घेते आहे असं वाटलं. त्यांनी घाबरून मामाचा हात धरला. मामाचे डोळे मिटलेले होते. आपण पंचवीस वर्षं या माणसाला चहा पाठवतोय आणि हा इथे, आपल्या पायांखाली, हे ऐकत बसलाय, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

पडदा पुन्हा हलला. "अहो," मामी कुजबुजली. ती गुडघे धरत आत आली, तेव्हा आता आपली धडगत नाही हे मामाने ओळखलं. तो सरकला, तिचा तळवा घेतला आणि डोक्यावरच्या मधल्या फळीला लावला.

मामी तशीच राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला तिने फळीवरचा हात काही काढला नाही.

"एकतीस वर्षं मी पिशवीशेजारी बसले," ती म्हणाली. "आणि तुम्ही इथे एकटे?"

"कामाच्या नावाखाली मजा मारतो, असं म्हणाली असतीस."

"मारतच होतात की."

वर बाईंनी लय वाढवली, फळ्या अंगभर बोलू लागल्या. मामीने दुसऱ्या हाताने मामाचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

"खाली फार टोचतं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "पुढच्या वर्षी दोन उशा आणते."

पुढच्या वर्षी. मामाचा चेहरा पडला. आता हिला कसं सांगावं, या विचाराने त्याने मान खाली घातली.

"तीन आणा," केसांतली जळमटं तशीच ठेवून इस्त्रीसाहेब म्हणाले.